शंभर बुचांचं सेजेस्ता

वाईनच्या बाटलीचं बूच साधारण २४ मिलिमीटर जाड असतं आणि ४५ मिलिमीटर लांब. सिसिली बेटावरच्या सेजेस्ताच्या देवळाचा खांब बुंध्याशी जवळपास दोन मीटर जाड आणि डोक्यावरच्या पाटासकट सुमारे साडेनऊ मीटर उंच. शंभरास एक हे प्रमाण धरलं, तर एकावर एक ठेवलेली दोन बुचं आणि वर एक टोपी म्हणजे झाला खांब. हे गणित एका दुपारी जुळलं आणि पुढचे आठ महिने घरात बुचांचा भुसा उडत राहिला.

मी गोव्यातल्या बांदोड्याचा. सरकारी नोकरीत ड्राफ्ट्समन होतो. चौतीस वर्षं मोऱ्या, साकव आणि पाण्याच्या टाक्या काढल्या. चतुर्थीला घरचं मखर मीच करायचो, थर्मोकोलचं, दरवर्षी नवं. ते सोडलं, तेव्हा कापायला दुसरं काहीतरी हलकं हवं होतं. बूच त्यातून आलं. सिसिलीला मी गेलेलो नाही. पण आराखडा आणि उभा छेद हातात असला की माझं चालतं.

आधी देऊळ कुठलं निवडायचं ते सांगतो, कारण निम्मी माणसं इथेच फसतात. सगळ्यांना पार्थेनॉन हवं असतं. ८ बाय १७ खांब, प्रत्येक खांबाला उभ्या पन्हळी, वर शिल्पांची रांग, आत गाभारा. पहिल्याच खेपेला ते घेतलंत तर चौथ्या खांबाला कंटाळाल. सेजेस्ताचं देऊळ इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीचं, आणि ते अर्धवट राहिलेलं आहे. खांबांवर पन्हळी कोरायच्या राहिल्या. छप्पर नाही, गाभारा उभा राहिलेला नाही, दर्शनी त्रिकोणात शिल्पं नाहीत. चौथऱ्याचे दगड उचलायला ठेवलेले उंचवटेसुद्धा अजून तसेच आहेत, ते तासायला कोणी परत आलंच नाही. जे त्या गवंड्यांनी केलं नाही ते आपल्यालाही करावं लागत नाही. नवशिक्याला याहून चांगलं देऊळ नाही.

आता बुचं. ती विकत घेऊ नका. माझा भाचा कांदोळीला एका शॅकवर काम करतो. त्याला सांगून ठेवलं आणि एका मोसमात त्याने तीन पिशव्या भरून दिल्या. त्या पिशव्या घेऊन मी बसमधून उतरताना शेजारचे नाईक बघत होते. पुढे आठवडाभर आमच्या वाड्यावर माझ्याबद्दल काय बोललं जात होतं, ते मंडळींनी मला नंतर सांगितलं.

सगळी बुचं सारखी नसतात. काही चक्क प्लॅस्टिकची असतात, ती बाजूला काढा. काही बुचाचा भुसा डिंकात दाबून केलेली असतात. त्यांच्यावर दाणे दाणे दिसतात, आणि तासली की त्यांचे खडे निघतात. शँपेनचं कुत्र्याच्या छत्रीसारखं बूच त्याच जातीचं. आपल्याला हवं ते अखंड सालीतून काढलेलं बूच. त्याच्या टोकाकडे नीट बघा, झाडाच्या वाढीच्या रेषा दिसतात. बूच म्हणजे कॉर्क ओक या झाडाची साल. पोर्तुगालमध्ये ती दर नऊ वर्षांनी काढतात, आणि कधी काढली ते लक्षात राहावं म्हणून त्या वर्षाचा शेवटचा आकडा झाडाच्या खोडावर रंगवतात. म्हणजे बुचाच्या टोकावर तुम्ही जे मोजता ते त्या झाडाचे पावसाळे. (आपल्याकडे ज्याला बुचाचं झाड म्हणतात, लांब देठाच्या पांढऱ्या सुवासिक फुलांचं, त्याच्या सालीचं बूच हलक्या प्रतीचं असतं. मी एक तुकडा तासून बघितला. भाकरीसारखा कुसकरला.)

बुचाच्या अंगावर जी तपकिरी भोकं आणि भेगा दिसतात, ती झाडाची श्वास घेण्याची छिद्रं. ती सालीतून आरपार जातात, आणि बूच पाडतात ते खोडाच्या उंचीच्या दिशेने. त्यामुळे उभ्या बुचाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना भोकं दिसतात आणि उरलेल्या दोन बाजूंना लांबट भेगा. खांब उभा करताना कुठली बाजू बाहेर ठेवायची, हे तुमच्या हातात आहे. माझं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

बुचाची देवळं हा धंदा अठराव्या शतकात रोम आणि नेपल्समध्ये चालायचा. तिकडे फिरायला येणारे युरोपातले श्रीमंत लोक परत जाताना अवशेषांच्या प्रतिकृती घेऊन जायचे. आंतोनियो कीकी हा रोममधला मोठा कारागीर, १७४३ ते १८१६ हा त्याचा काळ. जर्मनीतल्या कासेलच्या संस्थानिकाने १७७७ ते १७८२ या वर्षांत त्याच्या ३६ प्रतिकृती घेतल्या. बूच का? हलकं म्हणून, हे एक कारण. दुसरं असं, की बूच मुळातच झिजलेल्या दगडासारखं दिसतं. प्लास्टरमध्ये पडझड कोरून दाखवावी लागते, बुचात ती आधीच असते. आपल्याला हे समजायला रोमला जायची गरज नाही. जुन्या गोव्यात बॉम जेझू बासिलिकेच्या समोर उभे राहा. तिचा गिलावा गेल्या शतकात काढला, तेव्हापासून जांभ्याचा चिरा उघडा आहे. तो चिरा आणि बुचाचा पृष्ठभाग शेजारी शेजारी धरून बघा. म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं: भोकं बुजवू नका. पुट्टी भरून, घासून गुळगुळीत केलेलं बुचाचं देऊळ मी एका ओळखीच्याकडे बघितलं आहे. थर्मोकोलचं वाटतं.

कापणं. थर्मोकोलच्या सवयीने मी आधी गरम तार लावली. धूर, जळका वास, आणि काळी कड. बुचाला फक्त धार चालते. बदलत्या पात्यांचा कटर घ्या आणि पातं दर चार-पाच कापांना मोडून नवं करा, इथे कंजुषी नको. पातं ओलं करायचं, आणि दाबायचं नाही, ओढायचं. मासळी कापताना विळीवर जसा मासा ओढतात तसं. दाबलंत की बूच आधी चेपतं आणि मग फाटतं.

कोरडं बूच चुरतं, म्हणून आधी दहा मिनिटं वाफ द्या. मी पहिल्यांदा ती आमच्या मोदकपात्रात दिली. नागपंचमीच्या पातोळ्यांना लाल वाईनचा वास आला आणि त्या दिवसापासून माझ्यासाठी वेगळा जुना कुकर आहे. वाफवल्यावर बूच फुगतं, हे लक्षात ठेवा. मऊ असताना कापा, पण घासणं आणि मोजणं दोन दिवस सावलीत वाळवल्यावरच. फुगलेल्या बुचावर माप घेऊन केलेले माझे पहिले सहा खांब वाळल्यावर बाकीच्यांपेक्षा बारीक निघाले.

आता खांब. किती लागतील ते आधी कागदावर मोजा. समोर ६, बाजूला १४. मी सहा दुणे बारा, चौदा दुणे अठ्ठावीस, असे चाळीस केले. चौतीस वर्षं नकाशे काढलेला माणूस. कोपऱ्यातला खांब दोन्ही रांगांत मोजला जातो, म्हणून चार वजा. खरे ३६. उरलेले चार आता पुस्तकांना टेकू म्हणून उभे आहेत.

छत्तीस खांबांना बहात्तर बुचं. टोप्यांना पाच-सहा. बिघडणारी वीसेक धरा. शंभर जमल्याशिवाय सुरुवात करू नका, नाहीतर मधेच अडाल आणि मग बाटल्या विकत घ्याव्या लागतील.

खांब वर निमुळता होत जातो: बुंध्याशी २० मिलिमीटर, मधल्या सांध्याशी १८, वर १६. बुचाच्या बरोबर मधून दोन मिलिमीटरचं भोक पाडा, त्यात लांब स्क्रू घाला, तो ड्रिल मशीनमध्ये अडकवा, आणि मशीन शिकंज्यात आडवं पक्कं करा. हळू वेगावर फिरवत ८० नंबरचा पॉलिश पेपर लावा, शेवटी १५०चा. याहून बारीक पेपर लावायचाच नाही, कारण तो भोकांच्या कडा मारतो. माप बघायला माझ्याकडे नोकरीतली वर्तुळांची प्लॅस्टिकची पट्टी आहे, तिच्यात १६, १८, २०ची भोकं तयारच असतात. नसेल तर जाड पुठ्ठ्यात पाडून घ्या. नाकातोंडाला पंचा बांधा, ही पूड बारीक असते आणि दोन दिवस घशात राहते. एका खांबाला वीस मिनिटं जातात. दिवसाला चारच करा. पाचवा वाकडा होतो.

दोन बुचं जोडताना मधे सांधा दिसेल. दिसू द्या. खऱ्या खांबातही दगडाचे गोल तुकडे एकावर एक रचलेले असतात. वाईनने लाल झालेली टोकं त्या सांध्यात तोंडाशी तोंड लावून लपवा. स्क्रूच्या भोकात नारळाचा हीर घाला, वाळलेला, केरसुणीतून काढलेला. तो सरळ असतो, मोडत नाही आणि फुकट मिळतो. हीर खालून एक सेंटीमीटर बाहेर ठेवा, चौथऱ्यात रोवायला लागेल. चिकटवायला साधं फेव्हिकॉल. पटकन चिकटवणारा गोंद बुचाच्या भोकांत शिरून पांढरे डाग पाडतो.

खांबाच्या डोक्यावर दोन गोष्टी: खाली फुगीर उशी, वर चौकोनी पाट. उशीसाठी बुचाची पाच मिलिमीटरची चकती कापा. वरची कड मूळची २४ राहू द्या आणि खालची १६वर आणा. बशी उपडी नाही, सुलटी. पाट म्हणजे २४ मिलिमीटरचा चौकोन, कॉर्कशीटचा. चौकोन सगळे एकाच पट्टीतून कापा, म्हणजे छत्तीसही सारखे येतील.

कॉर्कशीट स्टेशनरीवाल्याकडे नोटिस बोर्डासाठी मिळते, पण ती भुशाची. चौथऱ्याला चालेल. त्यापेक्षा बारीक दाण्याची हवी असेल तर गाड्यांच्या गास्केटचं सामान विकणाऱ्याकडे जा, फोंड्याला किंवा मडगावला. तिथे दोन-तीन मिलिमीटरची घट्ट शीट मिळते. वरच्या कामाला तीच घ्या.

चौथरा: मरीन प्लायचा ४० बाय ७५ सेंटीमीटरचा पाट, दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही व्हार्निश मारलेला. दोन्ही बाजूंनी म्हणजे दोन्ही बाजूंनी. मी पहिल्या खेपेला वरचीच बाजू मारली, काम जूनमध्ये धरलं, फेव्हिकॉल चार दिवस ओलं, प्लाय वाकलं, आणि खांब जत्रेहून उशिरा परतणाऱ्या माणसांसारखे एकमेकांना टेकून उभे राहिले. चिकटवण्याचं काम नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात फक्त कापा आणि घासा.

प्लायवर पाच मिलिमीटरच्या शीटच्या तीन पायऱ्या, प्रत्येक खालचीपेक्षा चारही बाजूंनी पाचेक मिलिमीटर आत. सगळ्यात वरची २३ बाय ५८ सेंटीमीटर, कारण खरी सुमारे २३ बाय ५८ मीटर आहे. मधला भाग कापून काढा आणि चाळलेली लाल माती गोंदात कालवून थोडी उंचसखल पसरा. आतमध्ये फरशी नाही, गवतच आहे.

खांबांमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत ४२ ते ४३ मिलिमीटर येतं, पण कोपऱ्यावरचे गाळे दोनेक मिलिमीटर आखूड ठेवा. याचं कारण खांबांत नाही, वर आहे. वरच्या पट्टीत तीन दांड्यांची नक्षी असते. एक दर खांबाच्या डोक्यावर, एक दर दोन खांबांच्या मधे. कोपऱ्यावर मात्र ही नक्षी अगदी कडेला बसवायचा ग्रीकांचा नियम. मग शेवटची मोकळी जागा लांबते आणि डोळ्याला खुपते. ती ओढ कमी करायला त्यांनी कोपऱ्यातला खांब आत सरकवला. आमच्या ऑफिसात ही अडचण आली असती तर आम्ही नियम बदलला असता. त्यांनी खांब हलवला.

वरचं काम खालून वर असं: आधी चौदा मिलिमीटर उंचीची सपाट तुळई, खांबांच्या पाटांवरून चारही बाजूंनी. बुचाची एवढी लांब पट्टी लवते, म्हणून आत लाकडाची पट्टी घालून तिच्यावर बूच चढवा. जुने कारागीरही बुचाआड लाकूड घालायचेच, त्यात लबाडी नाही. तिच्यावर तेवढ्याच उंचीची नक्षीची पट्टी. तीन दांड्यांचे तुकडे साडेआठ मिलिमीटर रुंद, मधली मोकळी जागा साडेबारा. मोजायचा हिशोब सोपा: खांबांच्या दुपटीतून एक वजा. समोर ११, बाजूला २७. तुकड्यांवरचे चर सुरीने खोल कापू नका, टोच्याने ओढून दाबा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही नाही. रेडिओ लावा.

त्याच्यावर थोडी बाहेर आलेली कंगणी, आणि दोन्ही टोकांना त्रिकोण, मधोमध तीन सेंटीमीटर उंच. त्रिकोण उंच करायचा मोह होतो, कारण आपल्या डोळ्याला कौलारू घराचा उतार सवयीचा. ग्रीक देवळाचा उतार फार कमी असतो. माझा पहिला त्रिकोण बघून मंडळी म्हणाली, ‘हे तर आपलं गोठ्याचं छप्पर.’ काढून नवा केला.

रंग देताना घाई नको. सेजेस्ताचा दगड उन्हात मधासारखा पिवळसर दिसतो. मी शहाणपणा करून हळदीचं पाणी मारलं. छान दिसलं. खिडकीतल्या उन्हात महिन्याभरात उडालं. मग कोऱ्या चहाचं पातळ पाणी दोन हात, वाळल्यावर चुन्याच्या निवळीचा एक हात, आणि शेवटी काव. आपल्या जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर कावी कामात वापरतात तीच तांबडी काव, पण चिमूटभर, आणि फक्त पायऱ्यांच्या खाचांत. ब्रश जवळजवळ कोरडा हवा. चुना भोकांत साचला तर टोच्याने काढा.

शेवाळ आमच्या विहिरीच्या काठावरच भरपूर. पण ते वाळलं की तपकिरी होतं, म्हणून वर्तमानपत्रात दाबून वाळवल्यावर हिरव्या जलरंगात बुडवून घ्या. कीकीच्या काळातही शेवाळच चिकटवायचे. फक्त पायऱ्यांच्या फटीत, तेही उत्तरेकडच्या. सगळीकडे लावलंत की देऊळ जंगलात हरवतं.

एक इशारा. लंडनमध्ये रिचर्ड ड्यूबर्ग नावाच्या माणसाने बुचाच्या प्रतिकृतींचं प्रदर्शन मांडलं होतं, त्यात व्हेसुव्हियस ज्वालामुखी खरोखर पेटताना दाखवायचा. १७८५मध्ये त्या ज्वालामुखीने सगळं प्रदर्शन जाळलं, असं सांगतात. बूच तसं सहज पेट घेत नाही, पण गोंद, सुकं शेवाळ आणि व्हार्निश घेतं. आमचं देऊळ पहिले पंधरा दिवस देव्हाऱ्याशेजारी होतं, समईपासून हातभर अंतरावर. ही गोष्ट वाचल्यावर त्याच संध्याकाळी हलवलं.

ठेवायचं कुठे, तर काचेच्या पेटीत, भिंतीपासून चार बोटं दूर, पेटीच्या मागच्या फळीला दोन भोकं पाडून. हवा खेळली नाही तर ऑगस्टमध्ये चौथऱ्याच्या मातीवर पांढरी बुरशी धरते. बुचाला ती सहसा लागत नाही, गोंदाला लागते. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने, वरून खाली. फडकं नको, ते भोकांत अडकून टोप्या उपटतं. एखादी टोपी निघालीच तर ती लगेच चिकटवू नका. आधी खालचा हीर हलतोय का बघा. हलत असेल तर खांब चौथऱ्यातून सैल झालाय, आणि टोपी चिकटवून तो सरळ होणार नाही. खांब उपटा, हिराला गोंद लावा, दोन बाजूंनी गुण्या (काटकोन बघायची पट्टी) धरून उभा करा आणि रात्रभर सोडून द्या.

भाच्याने या मोसमात आणखी दोन पिशव्या पाठवल्या आहेत. दक्षिण इटलीतल्या पेस्टममधलं अथीनाचं देऊळ ६ बाय १३ खांबांचं आहे, म्हणजे चौतीस. या वेळी आधी मोजलं. त्या खांबांना पन्हळी आहेत, आणि बुचात पन्हळ कशी ओढायची ते मला अजून जमलेलं नाही. गोल कानशीने तीन बुचं घासून झाली. तिन्ही फुकट गेली. चौथं कुकरमध्ये आहे.